लिहिण्याचे पैसे देणाऱ्या साइटवर नवे लोक का गळतात?

समजा, तुम्ही मोहर्लीत गाईड आहात. ताडोबाचे कोअर जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. बफरमध्ये फेऱ्या होतात, पण नंबर रोज लागत नाही. हातात वेळ आहे, डोक्यात दहा वर्षांच्या जंगलाच्या गोष्टी आहेत आणि कुणीतरी सांगते, "अशी एक साइट आहे, लिहिले की डॉलर मिळतात." तुम्ही खाते काढता, तीन तास खपून वाघिणीवर पोस्ट लिहिता. सात दिवसांनी खात्यात शून्य. त्याच पानावर कुणीतरी 'गुड मॉर्निंग' लिहून चहाच्या कपाचा फोटो टाकलेला असतो आणि त्याखाली ४० डॉलरचा आकडा दिसतो.

इथे बहुतेक लोकांना वाटते, आपल्याला लिहिता येत नाही. काही जणांना वाटते, साइटच फसवी आहे. दोन्ही समजुती बऱ्याचदा चुकीच्या असतात. पैसे कसे वाटले जातात, हे आधी कुणी नीट सांगितलेले नसते.

या साइट म्हणजे नेमके काय?

सगळ्यात गाजलेले उदाहरण स्टीमिट. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी २०१६ मध्ये ही साइट सुरू केली. तिच्या मागे 'स्टीम' नावाची ब्लॉकचेन होती, आणि ४ जुलै २०१६ ला लेखकांना पहिल्यांदा पैसे वाटले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. ते न पटलेल्यांनी २० मार्च २०२० ला वेगळी चूल मांडली, तिचे नाव 'हाइव्ह'. दोन्ही अजून चालू आहेत आणि नियमही बरेचसे सारखे आहेत.

इथे जाहिरातीचे पैसे वाटले जात नाहीत. यंत्रणा दररोज काही नवी नाणी तयार करते आणि त्यातला एक वाटा लेखकांच्या हंड्यात पडतो. हंडा ठरलेल्या मापाचा. कुठल्या पोस्टला त्यातून किती घोट मिळणार, हे वाचकांच्या मतांवर ठरते. सगळे दुखणे इथेच आहे.

मत एक, वजन वेगळे

गावच्या सेवा सहकारी सोसायटीत एका सभासदाला एक मत असते. तुमचे शेअर दहा असोत की हजार, मत एकच. कंपनीत तसे नाही, तिथे जितके शेअर तितकी मते. आपल्याला फेसबुक-इन्स्टाग्रामची सवय, म्हणून लाइक म्हणजे सोसायटीतले मत असे आपण धरून चालतो. स्टीमिट आणि हाइव्ह मात्र कंपनीसारखे चालतात. ज्याच्याकडे जितकी नाणी अडकवून ठेवलेली, तितके त्याच्या मताचे वजन.

समजा, नव्या ५०० लोकांकडे प्रत्येकी १५ नाण्यांची ताकद आहे. सगळ्यांनी तुमच्या पोस्टला मत दिले तर एकूण वजन ७,५००. एका जुन्या खातेदाराकडे १ लाख आहेत. त्याच्या एका मताचे वजन या ५०० जणांच्या तेरापट. म्हणून चहाच्या कपाला ४० डॉलर मिळतात. तो फोटो बहुधा अशाच कुणाच्या मित्राचा असतो, किंवा त्याचा स्वतःचा. होय, स्वतःच्या पोस्टला स्वतः मत देता येते.

सुरुवातीला तर प्रकार याहून तिखट होता. जून २०१७ पर्यंत वजनाचा वर्ग करून पैसे वाटत. म्हणजे दहापट वजन असेल तर शंभरपट पैसे. तो नियम गेला, पण ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बदल झाला. लेखकाचा वाटा ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला, उरलेले ५० टक्के मत देणाऱ्यांना मिळू लागले, आणि अगदी थोडी मते असलेल्या पोस्टला तिच्या प्रमाणाहूनही कमी मिळेल असे सूत्र बसवले. हेतू भामट्यांना आळा घालण्याचा होता. पण थोडी मते असलेल्या पोस्टमध्ये भामटे असतात तसे नवखेही असतात, आणि सूत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही.

मत देणाऱ्याला ५० टक्के, याचाही परिणाम होतो. मोठ्या खातेदाराला दिवसाला साधारण १० पूर्ण ताकदीची मते देता येतात. त्याहून जास्त दिली तर ताकद झिजते. मग तो ती दहा मते कुठे टाकेल? जिथे आणखी मते पडण्याची खात्री, तिथे. म्हणजे ओळखीच्या नावांवर. बरेच जण तर हे काम आपोआप मत टाकणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडून देतात. तुमची वाघीण त्यांनी नाकारलेली नसते, पाहिलेलीच नसते.

दिसते ४० सेंट, हाती येते १०

पोस्टखाली ०.४० डॉलर दिसले की नवा माणूस खूश होतो. त्यातले निम्मे मत देणाऱ्यांचे. उरले ०.२०. यातले पुन्हा निम्मे नेहमीच्या रचनेत अडकवलेल्या नाण्यांच्या रूपात मिळतात. हाइव्हवर ती काढायची तर १३ आठवडे हप्त्याहप्त्याने निघतात. लगेच वापरता येण्यासारखे उरले ०.१०. आणि एखादी पोस्ट ०.०२ डॉलरच्या खालीच राहिली तर काहीच मिळत नाही, तो चुरा यंत्रणाच गिळते.

तेंदूपत्त्याच्या हंगामाशी तुलना करून पाहा. उन्हात फिरून पाने तोडायची, ७० पानांचे पुडके बांधायचे, फळीवर मोजून द्यायचे. काम कष्टाचे, दरावरून भांडणे होतात, पैसे उशिरा आल्याच्या तक्रारीही होतात. पण किती पुडक्यांना किती, हे पाने तोडणाऱ्याला माहीत असते. इथे तीन तास घातल्यावर काय मिळणार, हे पोस्ट टाकून सात दिवस होईपर्यंत कळत नाही, आणि त्या सात दिवसांत कुणी उलटे मत दिले तर दिसत असलेला आकडाही खाली येतो. माझ्या मते नव्या माणसाला सर्वात जास्त खचवते ते हेच. कमी पैसे मिळाले तर माणूस सोसतो. मिळालेले वाटून पुन्हा गेलेले सोसत नाही.

दारातच अडणारे

काही जण पैशांपर्यंत पोहोचतच नाहीत.

सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पोस्टला, प्रत्येक कमेंटला 'रिसोर्स क्रेडिट' खर्च होते आणि ते अडकवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात मिळते. नव्या खात्यावर ते इतके थोडे असते की चार-सहा कमेंट केल्या की थांबावे लागते. म्हणजे ओळखी करून घ्यायच्या दिवसांतच तोंड बंद.

दुसरे, पासवर्ड. इथे एक लांबलचक मुख्य किल्ली मिळते आणि 'पासवर्ड विसरलात?' असे बटण नसते. किल्ली हरवली की खाते गेले. फोनच्या नोट्समध्ये ठेवून फोन बदलणाऱ्यांची खाती अशीच जातात. वहीत लिहून कपाटात ठेवणे हा जुनाट वाटणारा उपाय इथे खरोखर चांगला आहे.

तिसरे, नक्कल. नवा माणूस पहिली पोस्ट काय टाकतो? ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून पडले, तो वाघाशी लढताना मेला, तळ्याकाठी त्याचे देऊळ आहे. गोष्ट खरीच सांगितली जाते, पण ती त्याच शब्दांत शेकडो ठिकाणी आहे, आणि व्हॉट्सअॅपवरून उचललेला मजकूर इथे नक्कल शोधणारे प्रोग्रॅम आणि स्वयंसेवक लगेच पकडतात. फोटोचेही तसेच. कोअरमध्ये मोबाइलवर निर्बंध, म्हणून गाईडच्या फोनमधले वाघाचे चांगले फोटो बहुधा पर्यटकांनी पाठवलेले. त्यांची परवानगी आणि नाव न देता टाकले की उलटी मते पडतात, खात्याची पत २५ वरून सुरू होते ती खाली जाते, आणि गावाकडच्या माणसाला कळतही नाही की चूक काय झाली. आपल्याकडे फॉरवर्ड करणे हा गुन्हा मानलाच जात नाही ना.

भाषेचा प्रश्न उघड आहे. ज्याच्या मताला वजन आहे त्याला मराठी येत नसेल तर तो थांबणार कशाला? म्हणून लोक मोडक्या इंग्रजीत लिहितात, आणि मग जे त्यांना उत्तम सांगता आले असते तेही जाते. सांबर ओरडले आणि वानर ओरडले यातून वाघ कुठे आहे ते कसे ओळखायचे, हे मोहर्लीच्या गाईडने मराठीत सांगावे आणि ऐकत राहावे. परक्या भाषेत त्याचे दोन वाक्यांचे टिपण होते.

नाणे, बँक आणि कर

जानेवारी २०१८ मध्ये स्टीमचा भाव ८ डॉलरच्या वर गेला होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो अर्ध्या डॉलरच्याही खाली होता, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने ७० टक्के कर्मचारी कमी केले. 'मला महिन्याला इतके मिळाले' अशा ज्या पोस्ट आजही फिरतात, त्यांची तारीख आधी बघा.

भारतातल्या लोकांना एक जास्तीचा फटका बसला. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले, त्यामुळे नाणी असूनही रुपये करणे अवघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला रद्द केले. आता १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

मग यूट्यूब बरे का?

तिथे नियम निदान लिहिलेले आहेत. जाहिरातीच्या पूर्ण वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे लागते (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. लोक सरासरी दोन मिनिटे थांबत असतील तर १,२०,००० व्ह्यू. त्यानंतरही १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत, आणि पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. उंबरठा उंच आहे, पण तो किती उंच ते दिसते. इथे मत विकतही घ्यावे लागत नाही. स्टीमिटवर मात्र एकेकाळी पैसे घेऊन मते देणाऱ्या बॉटचा बाजारच भरला होता.

अर्थात दुसऱ्याच्या वाड्यावरचे बिऱ्हाड ते बिऱ्हाडच. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अॅप बंद झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातल्या कित्येकांचे चाहते एका रात्रीत गेले.

तरीही उतरायचे असेल तर निदान पहिल्या महिन्यात स्वतःच्या पोस्टपेक्षा दुसऱ्यांच्या पोस्टवर नीट वाचून केलेल्या कमेंटचा उपयोग जास्त होतो. मोठी मते ओळखीतून येतात आणि ओळख कमेंटमधूनच होते. मूळ मराठी मजकूर स्वतःकडे जपून ठेवा, तो दुसरीकडेही चालतो. नाणी विकत घेऊन मताचे वजन वाढवण्याचा सल्ला मिळाला तर ती गुंतवणूक आहे, लेखन नव्हे, हे धरून ठरवा. अडकवलेली नाणी सोडवायची मुदतही लक्षात ठेवा: हाइव्हवर १ जुलैला कोअर बंद झाल्यावर काढायला घातलेल्या साठ्याचा तेरावा हप्ता ३० सप्टेंबरला मिळतो, मोहर्लीचे गेट उघडायच्या आदल्या दिवशी.