कान कधी टोचायचे?

पणजीत नातीच्या बारशाला विहीणबाई अडून बसल्या. "कान आजच टोचायचे. आमच्या डिचोलीत कुडण्याला जुनी जैन बस्ती आहे, तेव्हापासूनची रीत ही." बस्ती खरी, पडकी का होईना. पण रीत? मी कपाट उघडलं.

नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात गर्भाधानापासून ५३ क्रिया आहेत. त्यांत नामकर्म आहे, अन्नप्राशन आहे, कर्णवेध नाही. श्वेतांबरांच्या आचारदिनकरात, म्हणजे पंधराव्या शतकात, तो सोळा संस्कारांत बसतो. आता कुणाचं खरं करायचं?

मला सुश्रुत पटला. तो सहावा-सातवा महिना सांगतो. मुलीचा आधी डावा कान, मुलाचा उजवा. पाळी उन्हाकडे धरायची, उजेड आरपार दिसेल तिथे टोचायचं. फार रक्त आलं, फार दुखलं, तर जागा चुकली. तोवर धनुर्वाताच्या लसीचे पहिले तीन डोसही झालेले असतात, हे माझं.

विहीणबाईंना म्हटलं, "सहा महिने थांबूया. तार आपल्या सोनाराची, टोचतील डॉक्टर." त्या रुसल्या. सून मात्र बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली आणि कानाची पाळी उन्हात धरून बघू लागली.