मोरचूद, चुना आणि द्राक्षवेल



फळबागांवरील रोगांचा इतिहास हा पुष्कळदां माणसांच्या उद्योगाचाच इतिहास असतो. आज ज्या प्रकरणाविषयीं मी बोलणार आहें, तें फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचें आहे. सुमारें चाळीस वर्षांच्या अवधींत ह्या मळ्यांवर तीन संकटें कोसळलीं. आणि त्यांतील विशेष हा कीं, पहिल्या संकटावरील इलाज शोधतां शोधतां दुसरें आलें, व दुसऱ्यावरील इलाजाच्या पाठोपाठ तिसरें.

पहिलें संकट भुरीचें. १८४५ सालीं इंग्लंडांतील मार्गेट येथें टकर नांवाच्या माळ्यास द्राक्षांवर पांढरी भुकटी पसरलेली आढळली. दोनच वर्षांनीं ती फ्रान्समध्यें दिसूं लागली, आणि १८५४ सालीं त्या देशांतील मद्याचें उत्पादन सुमारें १ कोटी १० लाख हेक्टोलिटरवर, म्हणजे पूर्वींच्या मानानें अगदीं पाव हिश्शावर, येऊन ठेपलें. सुदैवानें औषध स्वस्त व सोपें निघालें. गंधकाची बारीक पूड वेलींवर धुरळली कीं भुरी हटते, हें अनुभवास आलें, आणि थोड्याच वर्षांत मळे पुन्हां सावरले.

परंतु त्या काळांत अमेरिकेंतील रानटी वेली भुरीस सहसा बळी पडत नाहींत, हेंहि लोकांच्या ध्यानांत आलें होतें. त्या वेलींची रोपें जहाजांतून युरोपांत येऊं लागलीं. पूर्वीं शिडाच्या जहाजांनीं महासागर ओलांडण्यास इतके दिवस लागत कीं, मुळांवरचे किडे वाटेंतच मरून जात; वाफेच्या जहाजांनीं हा प्रवास थोडक्या दिवसांवर आणला, आणि रोपांबरोबर त्यांचे शत्रूहि जिवंत उतरले, असें मानलें जातें.

१८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतील वेली कारण न कळतां वाळूं लागल्या. मेलेला वेल उपटून पाहावा, तर मुळें कुजलेलीं, पण कीड कोठेंच नाहीं. १८६८ च्या जुलैमध्यें माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं मेलेल्या वेलीऐवजीं तिच्या शेजारची हिरवी वेल खणून पाहिली, तेव्हां तिच्या मुळांवर सूक्ष्म, पिवळसर उवांसारखे असंख्य जीव चिकटलेले आढळले. मूळ मेलें कीं हे किडे तें सोडून जिवंत मुळाकडे जातात. म्हणूनच मेलेल्या वेलीपाशीं ते कोणास सांपडत नव्हते. हाच तो फिलॉक्सेरा. मिसूरी संस्थानाचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनीं तो मूळचा अमेरिकेंतील असल्याचें दाखवून दिलें.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें सुमारें ८ कोटी ४५ लाख हेक्टोलिटर मद्य तयार झालें होतें. १८८९ सालीं तें २ कोटी ३४ लाखांवर आलें. ह्या आंकड्यांच्या मागें किती कुटुंबें उघडीं पडलीं असतील, याची कल्पना करावी. सरकारनें १८७४ सालीं इलाजासाठीं ३ लाख फ्रँकांचें बक्षीस लावलें. कोणी जमिनींत कार्बन बायसल्फाइड टोंचलें, कोणी हिंवाळ्यांत मळा कित्येक आठवडे पाण्याखालीं बुडवून ठेवला. खरा उपाय मात्र रोगाच्याच माहेरीं निघाला. अमेरिकन वेलीचीं मुळें त्या किड्याच्या दंशास टिकाव धरतात. तेव्हां खुंट अमेरिकन घ्यावा व त्यावर कलम आपल्या जातीचें बांधावें. बोर्दोचे लालिमान यांनीं या युक्तीबद्दल बक्षीस मागितलें, तेव्हां त्यांनीं रोग बरा केला नसून केवळ टाळला आहे, अशी सबब पुढें आली, आणि बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. चुनखडीच्या जमिनींत हे खुंट पिवळे पडत. म्हणून १८८७ सालीं पिएर व्हियाला अमेरिकेस गेले, आणि टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन यांच्या साह्यानें तशा जमिनींत वाढणाऱ्या वेली त्यांनीं शोधून काढल्या.

इकडे खुंटांच्या आयातीच्या काळांतच, १८७८ सालीं, तिसरें संकट फ्रान्समध्यें दिसूं लागलें. हा केवडा. पानावर तेलकट डाग पडतात, खालच्या बाजूस पांढरी लव उगवते, आणि पानें गळून घड तसेच कच्चे राहतात. बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे १८८२ च्या ऑक्टोबरांत मेडॉक प्रांतांतील सेंट ज्यूलिएँ येथून जात असतां त्यांस दिसलें कीं, सर्वत्र वेली ओक्याबोक्या झाल्या आहेत, पण रस्त्याकडेच्या वेलींस मात्र पानें टिकून आहेत. चौकशी करतां कळलें कीं, वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळसर पाणी शिंपडीत. तें विषारी दिसे, एवढाच त्याचा उपयोग. मिलार्दे यांनीं मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद व रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्यासह प्रयोग केले, आणि १८८५ सालीं कृति प्रसिद्ध केली. तेंच बोर्दो मिश्रण.

चोर भिऊन दूर राहिले, पण केवडा कां थांबला? केवड्याचे बीजकण पानावरील दंवाच्या थेंबांत पोहतात व पानांत शिरकाव करतात. ह्या पाण्यांत तांब्याचा अल्प अंश असला, तर ते शिरण्यापूर्वींच मरतात. एकदां आंत शिरले कीं मात्र औषधाचा हात तेथवर पोहोंचत नाहीं. म्हणून फवारा रोगाच्या आधीं मारावयाचा, मागाहून नव्हे. ज्या कारणास्तव लालिमान यांस बक्षीस नाकारलें गेलें, तेंच वनस्पतींच्या वैद्यकाचें मुख्य सूत्र ठरलें: झाड बरें करण्यापेक्षां रोग येऊं न देणें.

नाशिकच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला कीं बागाईतदार केवड्याच्या धास्तीनें आजहि बोर्दो मिश्रण फवारतात. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डॉगरिज खुंटहि त्याच टेक्सासमधील रानवेलींतून निवडलेला. मात्र येथें तो किड्यासाठीं नव्हे, तर खारट पाणी व पाण्याचा तुटवडा सोसण्यासाठीं घेतात. आणि इलाजाच्या पोटीं नवी अडचण येण्याचा क्रम अद्याप संपलेला नाहीं. तांबें नाश पावत नाहीं. वर्षानुवर्षें फवारलेलें तें जमिनींत सांचून गांडुळांस व मातींतील सूक्ष्म जीवांस बाधतें. म्हणून युरोपीय संघानें २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरीं २८ किलोहून अधिक तांबें वापरण्यास मनाई केली.

चुना व मोरचूद यांनीं एका देशाचे मळे राखले, यांत संशय नाहीं. परंतु परदेशांतून येणारें प्रत्येक रोप नीट तपासल्यावांचून आंत येऊं देऊं नये, हा जो नियम आज बंदरोबंदरीं पाळला जातो, तो शिकण्यासाठीं फ्रान्सच्या शेतकऱ्यानें फार मोठी किंमत मोजली. तपासणीच्या दारांत खोळंबणाऱ्या व्यापाऱ्यानें, आणि परदेशांतून आवडीनें एखादी फांदी पिशवींत लपवून आणणाऱ्या प्रवाशानेंहि, ती किंमत आठवावी.