'घाट' : एका शब्दाचा प्रवास
#थ्रेड

१/८
कराडच्या कृष्णा घाटावरून कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम दिसतो. त्याच कराडहून पाटणमार्गे चिपळूणकडे निघाले की कुंभार्ली घाट लागतो. एक घाट दगडी पायऱ्यांचा, दुसरा डोंगरातील वळणांचा. दोहोंचे नाव एकच कसे?

२/८
संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. या अर्थाच्या मुळाशी उतार आहे. पायऱ्यांनी माणूस नदीत उतरतो, डोंगरवाटेने देशावरून कोकणात. मराठीने दोन्ही उतारांना एकच शब्द योजला.

३/८
या वाटेवर कराडची पेठ नांदली. कोकणातील मीठ आणि नारळ घाट चढून वर येत, देशावरचा गूळ खाली जाई. 'घाट' म्हणजे सह्याद्री ओलांडण्याची वाट. खुद्द डोंगर नव्हे.

४/८
याच उच्चाराचा आणखी एक शब्द आहे. त्याचे नाते 'घडवणे' या अर्थाच्या 'घट्' धातूशी. म्हणून भांड्याला घाट असतो, मूर्ती घाटदार असते आणि वडीलधारी मंडळी लग्नाचा घाट घालतात. 'बारा घाटांचे पाणी प्यालेला' हा अनुभवी माणूस मात्र नदीकाठचा.

५/८
युरोपीय लोकांनी हा शब्द उचलला आणि वाटेचे नाव अख्ख्या पर्वतरांगेला दिले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात धक्का, खिंड आणि पर्वतरांग असे तिन्ही अर्थ नोंदलेले आहेत.

६/८
तेच नाव रूढ झाले. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सह्याद्री गेला तो 'पश्चिम घाट' म्हणून. कोयना अभयारण्य त्याचाच भाग आहे.

७/८
मुंबईत या शब्दाला वेगळीच धार आली. पोटासाठी घाट उतरून गेलेला माणूस तेथे 'घाटी' ठरला. घाटावरचा, एवढाच मूळ अर्थ; पण तो हेटाळणीचा शब्द झाला. ज्यांना असे हिणवले गेले, त्यांच्याच पाठीवरून शहराचा माल वाहिला जात होता. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला.

८/८
वाटेचे नाव आधी पर्वताला चिकटले, मग माणसाला. कोणी 'घाटी' म्हणून हिणवले, तर त्या शब्दामागची ही चढण त्याला जरूर सांगावी.

तुमच्या गावी 'घाट' आणखी कोणत्या अर्थाने वापरतात?