रोजचे 10 रुपये: हरीश हंदे आणि उजेडाचा हप्ता

आज मला एका हप्त्याचा इतिहास सांगायचाय. हो, हप्त्याचाच. सौरऊर्जेचा इतिहास म्हटला की आपण पॅनलचा इतिहास सांगतो. 1954 साली बेल लॅब्जमध्ये सिलिकॉनचा सेल तयार झाला, मग तो उपग्रहांवर गेला, मग छपरांवर आला. हे सगळं खरंच आहे. पण ज्या घरात महिन्याची ठरलेली कमाईच नाही, त्या घरात पॅनल पोचलं कसं, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी आधी कॅरिबियनमध्ये जाऊ, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. 1980च्या दशकात रिचर्ड हॅन्सन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने तिथल्या खेड्यांत छोटे सौरसंच बसवायला सुरुवात केली. दान म्हणून नव्हे, तर कर्जावर. एकाने फेडलेल्या पैशातून पुढच्याला कर्ज, असा फिरता निधी. काही वर्षांनी हे काम बघायला एक भारतीय विद्यार्थी तिथे गेला. हरीश हंदे. बालपण राउरकेलातलं, शिक्षण आयआयटी खरगपूरला आणि मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेत पीएचडी. अभ्यास चालला होता सूर्याच्या उष्णतेवर. इथे पाहतात तो गरीब माणसं पदरचे पैसे मोजून उजेड विकत घेतायत! त्यांनी पीएचडीचा विषयच बदलला आणि पुढे श्रीलंकेतल्या आणि भारतातल्या वीज नसलेल्या खेड्यांत जाऊन राहिले.

1995 मध्ये त्यांनी नेव्हिल विल्यम्स यांच्याबरोबर बंगळुरूत सेल्को ही कंपनी सुरू केली. विल्यम्स हे मूळचे पत्रकार. विकसनशील देशांतल्या खेड्यांत सौरदिवे पोचवण्यासाठी त्यांनी 1990 मध्येच अमेरिकेत एक ना-नफा संस्था काढली होती. सेल्को मात्र नफ्यासाठी काढलेली कंपनी होती, आणि मुद्दा तोच होता. गरिबांना असं तंत्रज्ञान परवडत नाही, त्यांना ते सांभाळता येत नाही, आणि समाजाचं काम धंदा म्हणून चालवता येत नाही, हे तीन समज खोटे ठरवायचे, असं हंदे सांगत आले आहेत.

आता त्या काळाकडे जरा बघा. 2001च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून जास्त ग्रामीण घरांत उजेडाचं मुख्य साधन रॉकेल होतं. कंदील, चिमणी, रेशनच्या रांगेतला कॅन. पण रॉकेलची एक सोय होती, ती आपण विसरतो. ते बाटलीभर मिळायचं. आज जमलं तर आज आणा, नाहीतर उद्या. सौरसंचाला मात्र हजारो रुपये एकदम मोजायचे. म्हणजे गरिबाने पुढच्या कित्येक वर्षांचं रॉकेल आजच विकत घ्यायचं!

हंदे आपल्या भाषणांत एका रस्त्यावरच्या विक्रेत्याचं म्हणणं नेहमी सांगतात. महिन्याला 300 रुपये परवडत नाहीत, पण रोजचे 10 रुपये चालतील. हिशेब तोच. पण ज्याच्या हातात पैसा रोज येतो आणि रोजच जातो, त्याच्यासाठी हे दोन वेगळे आकडे आहेत.

इथे मला एक जोड सुचते, ती माझी समजा. आपल्या बाजारपेठांत पिग्मीवाला सगळ्यांना माहीत असतो. संध्याकाळी टपरीवर येतो, दहा-वीस रुपये घेतो, नोंद करतो, जातो. ही पिग्मी 1928 साली सिंडिकेट बँकेने उडुपीच्या मुलुखात सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. सेल्को वाढली ती याच कर्नाटकात. ग्रामीण बँकांच्या मॅनेजरांना पटवायचं, त्यांच्याकडून काही वर्षांच्या मुदतीचं कर्ज मिळवून द्यायचं आणि हप्ता गिऱ्हाइकाच्या कमाईच्या चालीने बांधायचा, ही त्यांची पद्धत. शेतकऱ्याचा हप्ता पिकावर, विक्रेत्याचा रोजच्या गल्ल्यावर. ज्या मुलुखाला रोजची बचत घेणारी बँक माहीत होती, तिथे रोजची फेड फार परकी वाटली नसावी.

आणि मग धक्का बसला, तोही जर्मनीतून. तिथे 2000 मध्ये अक्षय ऊर्जेचा कायदा झाला, 2004 मध्ये तो सौरवीज तयार करणाऱ्यांसाठी आणखी फायद्याचा झाला. छपरावर पॅनल लावा आणि चढ्या दराने वीज विका. जगभरची पॅनल तिकडे वळली, सिलिकॉनचा तुटवडा पडला, भाव चढले. कर्नाटकातल्या चार दिव्यांच्या गिऱ्हाइकाला बर्लिनच्या गिऱ्हाइकाशी स्पर्धा करावी लागली, आणि बर्लिनवाल्याच्या मागे सरकार उभं होतं. सेल्को तोट्यात गेली. नवं भांडवल, फेररचना, सगळं करावं लागलं. याच जर्मन मागणीमुळे पुढे चीनमध्ये कारखाने वाढले आणि पॅनल स्वस्त झाली, हेही खरं. पण मधल्या वर्षांची किंमत कुणी मोजली, हे हरितक्रांतीच्या थाटात लिहिलेल्या सौरइतिहासांत क्वचितच येतं.

2011 मध्ये हंदे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला, हे जाता जाता.

पुढे केनियात एम-कोपाने हाच रोजचा हप्ता मोबाइलवर नेला. सुरुवातीला दिवसाला 40 शिलिंग, एम-पेसाने. संचात सिम कार्ड. पैसे थांबले की दिवा लांबूनच बंद. झपाट्याने पसरायला ही पद्धत उत्तम, वादच नाही. पण मला विचाराल तर मी बँकेच्या बाजूचा. कर्ज फेडलेल्या माणसाचं बँकेत नाव होतं, ओळख होते. मग तो शिलाई मशीनसाठी, म्हशीसाठी परत जाऊ शकतो. सिम कार्डापुढे पाऊस लांबला म्हणून पंधरा दिवस मागता येत नाहीत.

आता तारा बहुतेक गावांत पोचल्या आहेत, आणि सेल्कोचं कामही दिव्यांपुरतं राहिलेलं नाही. सौरऊर्जेवर चालणारी शिलाई मशीन, लोहाराचा भाता, पोळ्या लाटायचं यंत्र. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न मात्र यंत्राचा नसतो. तुमच्या हातात पैसा कधी येतो, असं आधी विचारावं लागतं.