मुक्काम पोस्ट जालना

जालन्याला हौसेने मुक्कामाला कुणी येत नाही. अजिंठा-वेरूळवाला औरंगाबादेत उतरतो, गजानन महाराजांचा भक्त शेगावात. आमच्या लॉजवर जो येतो तो अडकलेला असतो. कोर्टाची तारीख पुढे गेलेली असते, मोंढ्यात हिशोब राहिलेला असतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर ढकललेलं असतं, नाहीतर सरळ गाडी चुकलेली असते. माझी एक भाची तारकर्लीला घरगुती निवास चालवते. तिच्याकडचे पाहुणे समुद्राचे पैसे मोजतात, आमच्याकडचे खोळंब्याचे. तिच्या भिंतीवर पाहुण्यांनी काढून दिलेले सूर्यास्ताचे फोटो आहेत, आमच्या भिंतीवर रेल्वेचं टाइमटेबल.

स्टेशन रस्त्यावरच्या या लॉजमध्ये मी १९७८ साली सून म्हणून आले. आता माझी सून गल्ल्यावर बसते. पुढे जे सांगते त्यातलं थोडं पुस्तकातलं आहे, बरंच सासूबाईंच्या तोंडचं, आणि उरलेलं मुक्कामाच्या रजिस्टरातलं.

परक्या माणसाला रात्रभर ठेवून घेण्याचा धंदा या गावाला नवा नाही. काळ्या मशिदीजवळची सराई जमशेदखानाची. मोती तलाव त्याचाच, हमामही त्याचाच. तलावाचं पाणी त्याने जमिनीखालच्या नळांतून गावात खेळवलं. गावाची माहिती लिहिणारे मशिदीच्या बांधकामाबद्दल लिहितात. मला त्यात आधी तलाव दिसतो. सराई बांधायची तर पाणी अगोदर हवं, हे ज्याला कळलं तो माणूस आमच्या धंद्यातला. अबुल फजलही काही काळ जालन्यात राहून गेला म्हणतात. त्याची उतरायची सोय कुणी केली, अंथरूण कुणी घातलं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

पुढे इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ मध्ये उठली. त्याच्या शंभर वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईशी आमचा संबंध एवढाच, की कधीमधी एखादा गोरा म्हातारा ते रण पाहायला येतो आणि मग आम्हाला परदेशी पाहुण्याचा ‘सी फॉर्म’ भरावा लागतो. एक जण मला विचारत होता, इथे लढाईचं स्मारक कुठे आहे. मी म्हटलं, तुम्ही जिंकलात, तुम्हीच बांधायचं होतं. मुलाने ते इंग्रजीत नीट सांगितलं नसावं, कारण म्हातारा ‘थँक्यू’ म्हणाला.

आमच्या घराचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपासून सिकंदराबादकडे रूळ टाकले आणि ते जालन्यावरून गेले. पण ते मीटर गेजचे. मनमाडवरून जाणारा मुंबईचा रस्ता ब्रॉडगेजचा. त्यामुळे माणूस असो की कापसाची गाठ, मनमाडला उतरून गाडी बदलायचीच. तिकडची गाडी उशिरा आली की इकडची निघून गेलेली असायची. जालन्यात तेव्हा जिनिंग-प्रेसिंग जोरात होतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच भरभराटीतली. कापसाचा दलाल मुंबईहून निघाला की त्याचा आज येऊन आजच परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. दोन रुळांमधलं अंतर कुणी साहेबाने खर्च वाचवायला कमी ठेवलं, त्यावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या.

आजेसासरे परतूरकडचे, कोरडवाहू शेतीला कंटाळून आलेले. त्यांनी स्टेशनजवळ खानावळ घातली. मारवाडी, गुजराती, जैन व्यापाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या धर्मशाळा होत्या, स्वयंपाकाचीही व्यवस्था होती. ज्याला तिथे जागा नाही तो आमच्याकडे येई. भाकरी, पिठलं, येसर आमटी, वर ठेचा. पैसे फक्त जेवणाचे. जेवून झालं की माणूस ओसरीवर वळकटी उलगडायचा आणि पहाटेच्या गाडीला उठून जायचा. झोपायचे पैसे घेणं आजेसासऱ्यांना पाप वाटे. आजेसासूबाईंना वाटत नसे. त्यांनी घोंगडीचा एक आणा लावला आणि लॉजचा धंदा तिथून सुरू झाला, असं माझ्या सासूबाई सांगत. या घरात पैशाचे निर्णय बायकांनी घेतले आणि पाटीवर नावं पुरुषांची लागली, हा त्यांचा आवडता विषय होता.

पैसेही दोन तऱ्हेचे. हे निजामाचं राज्य, इथे हाली सिक्का. मनमाडकडून येणाऱ्याच्या खिशात इंग्रजी रुपया, म्हणजे कळदार. कळदाराचा भाव जास्त. गल्ल्यात दोन वाट्या असत आणि संध्याकाळी आजेसासूबाई नाणी निवडत बसत. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीच्या महिन्यांत रझाकारांच्या भीतीने घरातल्या बायका-मुलांना विदर्भात नातेवाइकांकडे पाठवलं होतं. सप्टेंबर १९४८ नंतर सगळे परत आले. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं चालला, वाट्याही राहिल्या. एकीत आता माझी सून रबरबँड ठेवते.

साठच्या दशकात माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, वरच्या मजल्यावर आठ खोल्या चढवल्या. लोक हसले. पण त्याच सुमाराला, १९६४ साली, बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली आणि गावात येणारा माणूसच बदलला. भेंडी, मग संकरित बाजरी, ज्वारी, कापूस. एकीच्या मागे दुसरी अशा बियाण्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. भोकरदन, जाफराबाद, पलीकडे देऊळगाव राजा या पट्ट्यात शेतकरी बियाण्याचे प्लॉट घेऊ लागले. कपाशीच्या फुलातले पुंकेसर एकेक करून काढायचे आणि दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि ते करणारे हात बहुतेक बायकांचे. बारवाल्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, त्या संध्याकाळी अण्णांनी खानावळीत सगळ्यांना शिरा वाढला. स्वतः ते त्यांना कधी भेटलेले नव्हते.

बियाण्याचा सीझन म्हणजे उन्हाळा. पेरणीच्या आधी आंध्र, कर्नाटक, गुजरात, विदर्भातून डीलर येत. पैसे भरायचे, माल मिळण्याची वाट पाहायची, ट्रक भरला की जायचं. कधी दोन दिवस लागत, कधी आठ. आठ खोल्यांत तीस माणसं, उरलेली गच्चीवर. त्या दिवसांत आम्ही घरचे कुठे झोपलो हे आता आठवत नाही, आणि तेव्हाही ते रोज संध्याकाळी ठरायचं. माझा मोठा मुलगा सातवीत असताना जिन्याखाली कंदील लावून अभ्यास करायचा, कारण त्याची खोली गुंटूरच्या दोघांना दिलेली. त्याला तेलुगू शिव्या तेव्हापासून येतात.

हे डीलर संशयी. कंपनीने दिलेलं बी उगवतं का, हे तपासल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. मग आमचा टॉवेल भिजवायचा, त्यात मोजून शंभर बिया पसरायच्या, गुंडाळी करायची आणि खिडकीत ठेवायची. चार दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. खोली झाडायला गेलं की खिडकीत असे दोन-तीन टॉवेल ओलेच. एखादा तसाच विसरून जायचा आणि कपाशीची मुळं टॉवेलच्या धाग्यांत अशी शिरत की दोन्ही वेगळे करता येत नसत. सासूबाईंनी खोलीभाड्याखाली एक ओळ वाढवली: ‘बियाण्याचा टॉवेल, वेगळा आकार.’ ती पाटी पाहून दुसऱ्या गावचे लोक चक्रावत. जालन्यातल्या माणसाला मात्र ती समजावून सांगावी लागत नसे.

सासूबाई गल्ल्यावर कधी बसल्या नाहीत. स्वयंपाकघराची एक खिडकी जिन्याकडे उघडते, तिथून त्या सगळं चालवत. कोण वर गेलं, कोण उतरलं, हे त्यांना चपलांच्या आवाजावरून कळे. तांब्याचा बंब पहाटे चारला पेटे आणि माणशी गरम पाण्याची एक बादली. दुसरी मागणाऱ्याला त्या विचारत, “कामून? घरी दोन घेता का?” एकटी बाई आली तर तिला खोली द्यायच्या नाहीत आणि परतही पाठवायच्या नाहीत. ती आमच्याबरोबर माजघरात झोपे, भाडं न देता. इंटरव्ह्यूला आलेल्या मास्तरणी, रुजू व्हायला आलेल्या नर्सा, नवऱ्याशी भांडून निघालेली एक तहसीलदाराची बायको, अशा किती जणी माझ्या शेजारी झोपून गेल्या. मला मात्र हा नियम पटला नाही. खोलीचे पैसे देऊ शकणाऱ्या बाईलाही कडी लावून एकटीने झोपावंसं वाटत असेल. सासूबाईंच्या मागे मी तो बदलला.

अण्णा गेले तेव्हा सीझन ऐन भरात होता. घरात सुतक, चूल बंद आणि वर खोल्या भरलेल्या. जाऊबाई म्हणाल्या, सगळ्यांना जायला सांगू. सासूबाई म्हणाल्या, “आलेल्या माणसाला आपलं सुतक कामून?” तेरा दिवस पाहुण्यांची ताटं दुसऱ्या खानावळीतून आली. पाच नंबरच्या खोलीतला रायचूरचा एक म्हातारा डीलर दहाव्याला आमच्या पुरुषांबरोबर नदीवर गेला. त्याचा ट्रक आदल्या दिवशीच भरून निघाला होता.

थोडं मागे जाऊन सांगते. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीतून तालुके काढून जालना जिल्हा झाला. हा आमचा सुवर्णकाळ, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात आहे. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पण क्वार्टर नव्हते. खोलीत महिनोन् महिने साहेब. दारावर पितळी पाटी, बाहेर शिपाई, दोरीवर बनियन. सकाळी संडासच्या रांगेत एका बाजूला एक अधिकारी उभा आणि त्याच्यापुढे ज्याची केस त्याच्यासमोर चालायची तो अंबडचा शेतकरी. दोघंही हातात टमरेल धरून एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत.

नंतरचं भराभर सांगते. एमआयडीसीत सळयांच्या रोलिंग मिल वाढल्या. त्यांचे मोठे लोक औरंगाबादच्या हॉटेलांत उतरत, फर्नेस दुरुस्त करणारे आमच्याकडे. गणपती नेत्रालयामुळे बुलढाणा, हिंगोलीपासून म्हातारी माणसं येऊ लागली. काळे चष्मे लावून ती ओळीने ओसरीवर बसत, आणि त्यांच्यासाठी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला आम्ही पांढरा पट्टा मारला.

पाण्याचं मात्र भराभर सांगता येत नाही. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावातून उताराने पाणी येई, त्यावर गावाने कित्येक वर्षं काढली. गाव वाढलं, तलाव गाळाने भरला. २०१२-१३ च्या दुष्काळात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. टँकरचा भाव खोलीच्या भाड्याच्या वर गेला. आम्ही अर्ध्या खोल्यांना कुलूप घातलं, कारण पाहुणा आला की तोटा व्हायचा. चादरी धुवायला सिंदखेडराजाकडच्या एका विहिरीवर पाठवत होतो. मग जायकवाडीचं पाणी आलं. तेही रोज येत नाही, पण येतं.

पाण्याने मारलं नाही ते वेगाने मारलं. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि मनमाडला उतरायचं कारण संपलं. तरी मुंबईला जायला रात्र लागे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला. नागपूरचा डीलर सकाळी निघतो, दुपारी जालन्यात जेवतो, रात्री घरी झोपतो. ३० डिसेंबर २०२३ ला वंदे भारत जालन्याहून मुंबईला सुटू लागली आणि गावभर पेढे वाटले. आम्हीही वाटले, गावाचं भलं झालं होतंच. पुढच्या वर्षी रजिस्टराचं एकच पुस्तक लागलं, पूर्वी तीन लागायची. बियाण्याचे पैसे आता फोनवरून जातात आणि उगवणीची तपासणी लॅबमध्ये होते.

लग्नसराईत लॉज अजून भरतं. वऱ्हाडाला गाडी कितीही वेगाची असली तरी मुक्काम करावाच लागतो. बाकीच्या खोल्या सुनेने महिन्याच्या भाड्याने लावायला घेतल्या आहेत: दोन नर्सा, स्पर्धा परीक्षेची तीन पोरं, समृद्धीच्या टोलवरचा एक कर्मचारी. तिने बंब काढून प्रत्येक खोलीत गिझर बसवला. वीजबिल पाहून मी गप्प बसले, कारण गल्ला तिचा आहे. आमचं भांडण सध्या एकाच गोष्टीवरून चालू आहे. महिन्याने राहणाऱ्यांची नावं मुक्कामाच्या रजिस्टरात रोज लिहायची की एकदाच? ती म्हणते भाडेकरार केलाय, रजिस्टर कशाला. बीटचा हवालदार म्हणतो, पाटी लॉजची आहे तोवर लिहा. मी सध्या लिहिते आहे. नर्सा ड्यूटीवरून आल्या की सही करतात, टोलवाला दोन दिवसांच्या एकदम करतो.