हौशी सुतार आणि त्याचीं हत्यारें

हत्यार कामासाठीं असतें, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती लिहून दाखविण्याची गरजच वाटूं नये. परंतु पॅरिसच्या उत्तरेस एकुआन येथील संग्रहालयांत ठेवलेला एक लांबलचक बांक या उघड गोष्टीविषयींहि मनांत शंका उत्पन्न करतो. हा बांक धातूची तार ओढण्याचा आहे. असला बांक एखाद्या कारागिराच्या दुकानांत असावयाचा, तेलानें व धुरानें काळवंडलेला, कोणीं ढुंकूनहि न पाहावा असा. एकुआनच्या बांकावर मात्र निरनिराळ्या रंगांच्या लांकडांचे बारीक तुकडे जडवून चित्रें काढलेलीं आहेत. न्युरेम्बर्गच्या लिओनहार्ट डान्नर या कारागिरानें तो १५६५ सालीं घडविला. ज्याच्यासाठीं घडविला तो सोनारहि नव्हता आणि लोहारहि नव्हता. तो होता सॅक्सनीचा सत्ताधीश, इलेक्टर ऑगस्ट.

या ऑगस्टाची हौस एका बांकापुरती नव्हती. तो १५८६ सालीं वारला. दुसऱ्या वर्षीं ड्रेस्डेन येथील त्याच्या कलासंग्रहाची यादी करण्यांत आली, तेव्हां सुमारें दहा हजार वस्तूंपैकीं अर्ध्याहून कितीतरी अधिक हीं निव्वळ हत्यारेंच निघालीं! राजाच्या संग्रहांत रत्नें असावींत, तसबिरी असाव्यात, हें आपण समजूं शकतों. येथें करवती आणि कानशीच अधिक! कातकामांत निष्णात अशा माणसांना त्यानें दरबारीं आश्रय दिला, आणि तो स्वतःहि लेथापुढें बसून हस्तिदंत कातीत असे. त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं रशियाच्या पीटर बादशहाला हाच छंद जडला. १६९७ सालीं हॉलंडमधील गोदींत हातीं कुऱ्हाड घेऊन तो जहाजाच्या सुतारांबरोबर राबला, ही कथा आमच्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. परंतु परत गेल्यावर त्यानें आंद्रेइ नार्तोव्ह नांवाच्या कुशल यंत्रकाराला आपल्यापाशीं ठेवून कातकामाचे उत्तमोत्तम लेथ घडवून घेतले, हें फारसें सांगितलें जात नाहीं.

हौशी सुताराच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण असें राजवाड्यांत घडलें. या हौशीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या थोर मंडळींचीं हत्यारें दुसऱ्याकडून घडवून येत. त्यांना धार लावणारा दुसरा, त्यांवरचा गंज पुसणारा तिसरा. ज्याच्या पात्याला चाकर धार लावतो त्याला आमच्या अल्प मतें अर्धाच सुतार म्हणावें लागेल.

दुसरें प्रकरण छापखान्यांत घडलें. लंडनमध्यें नकाशे आणि पृथ्वीचे गोल करून विकणारा जोसेफ मॉक्सन नांवाचा गृहस्थ होता. त्यानें १६७८ च्या सुमारास 'मेकॅनिक एक्झरसायझेस' या नांवाची एक माला भागाभागांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. लोहारकाम, सुतारकाम, कातकाम यांचें जें ज्ञान तोंवर गुरूच्या हातांतून शिष्याच्या हातांत जात असे, तें त्यानें इंग्रजी वाचूं शकणाऱ्या कोणासहि विकत घेतां येईल असें केलें. त्याच सुमारास रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. गंमत अशी कीं, त्याच्या पुस्तकांतील रंध्यांचीं कांहीं चित्रें फेलिबियें या फ्रेंच ग्रंथकाराच्या १६७६ च्या पुस्तकावरून उचललेलीं आहेत, त्यामुळें वर्णन इंग्लंडच्या हत्यारांचें आणि चित्र फ्रान्सच्या हत्यारांचें असा घोटाळा जागोजाग होतो. पुस्तक वाचून सुतारकाम शिकूं पाहणाऱ्याच्या नशिबीं पहिल्या दिवसापासूनच हें आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां एका पेटीची गोष्ट सांगावयाची आहे. इंग्लंडांत केंट परगण्यांत चॅटम येथें सीटन नांवाचें लांकूडकामाच्या धंद्यांतलें एक कुटुंब होतें. डिसेंबर १७९६ मध्यें जोसेफ सीटननें आपल्या मुलासाठीं, बेंजामिनसाठीं, लंडनच्या गेब्रिअल यांच्या दुकानांतून हत्यारांचा एक पुरा संच विकत आणला. बेंजामिननें दुसऱ्या वर्षीं त्या हत्यारांसाठीं एक देखणी पेटी तयार केली. प्रत्येक करवतीला आणि प्रत्येक रंध्याला तींत स्वतंत्र जागा. शिवाय हत्यारांची यादी किंमतींसह स्वतःच्या हातानें लिहून ठेवली. पुढें काय झालें कोण जाणे, त्या हत्यारांपैकीं पुष्कळ त्यानें जवळजवळ वापरलींच नाहींत. पेटी आज रॉचेस्टर येथील संग्रहालयांत आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरचें हत्यार नवें असतांना कसें दिसे, त्याच्या पात्याला उतार किती असे, करवतीचे दांत कसे पाडलेले असत, हें ज्यांना पाहावयाचें असतें ते तेथें जातात. कारण उघड आहे. जीं हत्यारें कामांत आलीं तीं झिजून संपलीं. जीं पडून राहिलीं तींच उरलीं. इतिहासाच्या अभ्यासकांना अशा गोष्टीबद्दल आळशी माणसांचे उपकार मानावे लागतात, हें आम्ही आमच्या धंद्याची लाज न बाळगतां कबूल करतों.

बेंजामिन हा धंदेवाल्याचा मुलगा, हौशी नव्हे. पण त्याच काळीं लंडनचे दुकानदार 'सद्गृहस्थांसाठीं' म्हणून हत्यारांच्या नेटक्या पेट्या विकूं लागले होते. स्ट्रासबुर्गहून आलेल्या होल्ट्झॅप्फेल घराण्यानें श्रीमंत हौशी लोकांसाठीं नक्षीदार कातकामाचे लेथ करण्यांत मोठें नांव मिळविलें, आणि त्या कामावरील त्यांचा पांच खंडांचा ग्रंथ १८४३ पासून १८८४ पर्यंत छापून निघत होता. तिकडे अमेरिकेंत लिओनार्ड बेली यानें स्क्रूनें पातें वरखालीं करतां येणारा लोखंडी रंधा काढला, आणि १८६९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला. लांकडी रंध्याचें पातें हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं बसवावें लागे, आणि तें ठोके अंगवळणीं पडण्यास वर्षे जात. आतां तें काम बोटाच्या एका फिरकीवर येऊन ठेपलें. १८८९ मध्यें लंडनांत 'वर्क' नांवाचें साप्ताहिक निघालें, तें धंदेवाईक व हौशी अशा दोघांसाठीं आहे असें त्याच्या मथळ्यावरच छापलेलें असे. राजवाड्यांतली हौस अशी कारकुनाच्या परसांतल्या पडवींत येऊन पोंचली.

स्वीडनमध्यें या गोष्टीला निराळेंच वळण लागलें, आणि तें आम्हांला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ऑटो सालोमन यानें आपल्या मामाच्या मदतीनें नेस येथें हस्तव्यवसायाची शाळा काढली आणि पुढें तेथेंच शिक्षकांना शिकविण्यास आरंभ केला. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस याच्या खटपटीनें १८६६ सालींच लोकशाळांत हस्तकाम आवश्यक झालें होतें. त्याच्यापासून सालोमननें पुष्कळ घेतलें. नेसच्या शाळेंत विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम यायचा तो साधा चाकू. मुलाला सुतार करणें हा हेतु नव्हताच. शरीरकष्टाच्या कामाविषयीं आदर वाटावा, हा हेतु सालोमननें स्पष्ट शब्दांत मांडला होता. देशोदेशींचे शिक्षक नेस येथें येऊन रंधा मारावयास शिकून गेले.

हें वाचतांना आमच्या वाचकांस वर्ध्याची आठवण होईल. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया असावा अशी कल्पना मांडली. त्या योजनेचें पुढें काय झालें हें ज्यांनीं शाळेंत टकळी हातीं धरली आणि परीक्षेपुरतें सूत काढून ती कपाटांत टाकली त्यांना सांगण्याची गरज नाहीं. स्वीडनमध्यें हस्तकाम हा आजहि शाळेंतला आवश्यक विषय आहे. फरक कोठें पडला? आमच्या मतें तो शाळेंत पडला नाहीं, घरांत पडला. तेथें शिक्षकाच्या घरींहि चाकू आणि लांकडाचा ठोकळा होता. येथें आमच्यासारख्यांच्या घरीं खुर्चीचा पाय निखळला तर सुताराकडे निरोप जाई. सुतार हा बलुतेदार. त्याचें काम तो करील, आपलें आपण. लेखणी धरणाऱ्यानें पटाशी धरूं नये असें आम्हांला कोणीं कधीं तोंडानें सांगितलें नाहीं, कारण तें सांगावें लागतच नसे.

विसाव्या शतकांत हौशी सुताराचा इतिहास उलट दिशेनें फिरला. कारखान्यांत यंत्रें आलीं, आणि धंदेवाईक सुतारानें हातरंधा बाजूस ठेवला. ज्याला पोट भरावयाचें आहे त्यानें तो ठेवलाच पाहिजे. यांत त्याचा दोष नाहीं. हातरंधा उरला तो ज्याला घाई नाहीं त्याच्यापाशीं. या मंडळींत जेम्स क्रेनॉव्ह याचें नांव पुढें येतें. हा १९२० सालीं सैबेरियाच्या अगदीं पूर्व टोंकाला जन्मला, अमेरिकेंत वाढला, १९४७ मध्यें स्वीडनला गेला, आणि कार्ल माल्मस्टेनच्या शाळेंत शिकून आपल्या घराच्या तळघरांत कपाटें करूं लागला. मोठमोठ्या संग्रहालयांनीं त्याचीं कामें घेतलीं तरी तो स्वतःस हौशीच म्हणवी. १९७६ सालीं त्याचें पहिलें पुस्तक निघालें, आणि पुढें कॅलिफोर्नियांत त्यानें वीस वर्षें शिकविलें. तो २००९ मध्यें वारला.

क्रेनॉव्हचे रंधे त्यानें स्वतः केलेले असत, आणि तो रंधा करण्याची रीत सांगण्यासारखी आहे. जुना कारागीर अखंड ठोकळ्यांत पटाशीनें तोंड कोरून काढी. तें काम नवशिक्याला साधत नाहीं. क्रेनॉव्हच्या रीतींत ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतीनें अलग कापावयाच्या. मधला भाग तिरपा कापून पातें टेकण्यासाठीं ४५ अंशांची उतरण करावयाची. पाचर अडकण्यासाठीं एक आडवी दांडी बसवावयाची. आणि मग सगळें पुन्हां सरसानें चिकटवून ठोकळा पूर्ववत् करावयाचा. तोंड कोरावें लागतच नाहीं, तें आपोआप उरतें. शेवटीं बाहेरचा आकार आपल्या तळव्याला जसा बसेल तसा तासावयाचा. असे रंधे आज जगभर हजारों घरांतून होतात, त्याचें श्रेय त्याच्या पुस्तकांना आहे.

ही रीत आम्हीं स्वतः करून पाहिली, तेव्हां आमच्या वयाला पन्नाशी लागून गेली होती. सुटींत गांवीं गेलों असतां बाभळीचा एक वाळलेला ठोकळा मिळाला, पातें बाजारांतून आणलें, आणि आठ दिवस खपून एक रंधा सिद्ध केला. आमच्या गांवचे वृद्ध सुतार, ज्यांना आम्ही लहानपणापासून नाना म्हणत आलों, त्यांच्या हातीं तो मोठ्या अभिमानानें दिला. त्यांनीं तो उलटा करून तळ पाहिला, डोळ्याजवळ नेऊन तोंड पाहिलें. आमच्या सरसाच्या कामांत फट राहून तें तोंड अर्धें बोट रुंद झालें होतें.

"मास्तर, ह्यानं लाकूड काय तासायचं न्हाई," नाना म्हणाले. "भोपळा मात्र झ्याक किसंल."

मग त्यांनीं आपल्या पेटींतला रंधा काढून दाखविला. शिसवीचा, अखंड ठोकळ्यांतून कोरलेला, त्यांच्या वडिलांनीं केलेला. त्याचें तोंड इतकें अरुंद होतें कीं त्यांतून कागदहि कष्टानें जावा. त्यांनीं फळीवर एक हात ओढला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी वर आली. जें साधावें म्हणून सातासमुद्रांपलीकडचे वकील आणि डॉक्टर संध्याकाळ संध्याकाळ तळघरांत खपतात, तें आमच्या घरापासून पन्नास पावलांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललें होतें, आणि आम्ही पहिला रंधा हातीं धरावयास शिकलों तो कॅलिफोर्नियाच्या पुस्तकावरून. आमचा दुसरा रंधा नानांनीं शेजारीं बसून करवून घेतला. तो चालतो.

नाना पुढें वारले. त्यांचा मुलगा शहरांत कारखान्यांत फिटर आहे. घर आवरतांना त्यानें ती पेटी आमच्याकडे आणून ठेवली. वाकस, किकरें, पटाश्या, आणि तो शिसवीचा रंधा. आम्हीं म्हटलें, "बापजाद्यांची वस्तु आहे, तुम्हीच ठेवा." त्यानें मान हलविली.

"ठेवून काय करू, सर? आमच्याकडं फ्लॅटात जागा न्हाई. आन् वापरला न्हाई तर वाळवी खाईल."

रंध्याच्या डाव्या अंगाला अंगठ्याची एक खोबण पडली आहे. ती दोन पिढ्यांच्या हाताची आहे. आमचा अंगठा तींत नीट बसत नाहीं, किंचित् पुढें जातो. रोजच्या कामाला म्हणून आम्ही आपला बाभळीचाच घेतों. शेवटचा हात मात्र शिसवीच्या रंध्यानें मारतों. गेल्या पावसाळ्यांत त्याची पाचर फुगून चिरली, ती आम्हीं सागाची नवी करून बसविली. पातें तेंच आहे.