दोघांचीही 'शुगरची गोळी', मग फरक कसला?

आषाढी एकादशीला आमच्या अण्णांनी सकाळी नेहमीची शुगरची गोळी घेतली आणि "फराळ दुपारीच करतो" म्हणाले. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. साखरपाणी दिलं तेव्हा कुठे सावरले. शेजारचे काकाही शुगरवाले, त्यांचाही कडक उपवास. पण ते ठणठणीत! असं का? दोघांच्या गोळ्यांचा इतिहास वेगळा आहे, म्हणून.

1942 साल, फ्रान्समधलं माँपेलिए. डॉ. मार्सेल जाँबों टायफॉइडच्या रुग्णांना सल्फा गटातलं एक नवं औषध देत होते. ताप राहिला बाजूला, रुग्णांची साखरच धोकादायक खाली जायला लागली. ऑगस्त लूबातियेर यांनी कारण शोधलं: हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्या दुष्परिणामातूनच पुढे मधुमेहाच्या गोळ्या आल्या. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड त्याच घराण्यातल्या. अण्णांचीही तीच. तुम्ही जेवलात की नाही, हे ही गोळी विचारत नाही!

काकांची गोळी मेटफॉर्मिन. गलेगा नावाच्या युरोपातल्या रानवनस्पतीशी तिचं नातं. रसायन 1922 मध्ये डब्लिनला तयार झालं, पण मधुमेहावर ते वापरून पाहिलं पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी, 1957 मध्ये. ती मुख्यतः यकृतातून येणारी साखर रोखते. एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली जात नाही. तिची बहीण फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साठवून जीव घेऊ लागली आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेने ती बाजारातून काढली. त्या बदनामीत मेटफॉर्मिनही अडकली, अमेरिकेत परवानगी मिळायला 1994 उजाडलं. आज बहुतेकांचे उपचार तिच्यापासूनच सुरू होतात. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर तीही चालत नाही.

आता डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्यात. पेटंट संपल्यावर त्या स्वस्तही झाल्या. पण उपाशीपोटी त्यांचेही वेगळे धोके आहेत.

म्हणून मंडळी, "काकांना लागू पडली, मलाही तीच द्या" असं मेडिकलवाल्याला सांगू नका. स्ट्रिपवरचं औषधाचं नाव वाचा. एकाच गोळीत दोन औषधंही असतात. आणि श्रावण येतोय, उपवास धरण्याआधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.